पान अठ्ठ्याऐंशी, ओळ चौदा

वकील फ्रेझर इमलकने उभं राहून कोटाचं बटण लावलं आणि आक्षेप घेतला. लवाद इशबेल फर्करबाई लगेच काही बोलल्या नाहीत. त्यांनी समोरच्या स्क्रीनकडे पाहिलं, चष्मा नाकावर नीट बसवला आणि मग म्हणाल्या,

"आक्षेप नोंदवला, मिस्टर इमलक. पण साक्षीदाराला प्रश्न मी विचारणार आहे, तुम्ही नाही. तेव्हा बसा."

इमलक बसला. ॲबर्डीनच्या वकीलमंडळींत फर्करबाईंच्या या क्षणभर थांबण्याचा मोठा दबदबा होता. बाकीचे लवाद वाक्य संपायच्या आत तोंड उघडतात, फर्करबाई मात्र आधी तोलतात आणि मग बोलतात, असं जुने वकील नव्यांना बजावून सांगत. त्या दोन सेकंदांत आपला अख्खा युक्तिवाद पाखडून निघतो या धास्तीने भल्याभल्यांची बडबड आखूड झाली होती.

खरं म्हणजे तोलणं-बिलणं काही नव्हतं. बोललेलं वाक्य स्क्रीनवर उमटायला दोन सेकंद लागत आणि बाई ते वाचून उत्तर देत, एवढंच.

अगदी ठार बहिऱ्या म्हणाव्यात तर तशाही त्या नव्हत्या. आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. शेजारच्या बिऱ्हाडात माणसं बोलताहेत हे भिंतीतून कळावं पण काय बोलताहेत ते कळू नये, तशातली गत. केसांखाली दडवलेली दोन यंत्रं तो गलका मोठा करून देत, त्याहून जास्त काही त्यांच्याच्याने होत नसे. चार वर्षांपूर्वी एका सुनावणीत त्यांनी एका अभियंत्याला एक प्रश्न विचारला. त्याने नुकतंच त्याचंच उत्तर दिलं होतं. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. बाईंनी घरी जाऊन निवृत्तीचं पत्र लिहिलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं.

ते पत्र खणातच राहिलं, कारण पुढच्या सुनावणीत ही स्क्रीन आली. लघुलेखिका कोपऱ्यात बसून मोजक्या कळांच्या एका छोट्याशा यंत्रावर बोटं दाबते आणि खोलीतला शब्द न् शब्द लवादाच्या आणि वकिलांच्या समोर लिहून येतो. वकिलांनी त्याला सोय म्हटलं. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्यांनी चष्मा पुसायचं निमित्त केलं. तेव्हापासून खुर्चीत बसताना त्या रोज स्क्रीनच्या कडेवरून एकदा बोट फिरवत. बघणाऱ्यांना वाटे, बाई फार टापटिपीच्या.

कुणाला सांगितलं मात्र नव्हतं. आपल्या कामात अडचण येईल असं काही असेल, तर लवादाने ते दोन्ही पक्षांच्या कानावर घालायचं असतं. हा नियम त्यांनीच कितीएक तरुणांना शिकवला होता. 'पण अडचण येतेय कुठे?' अशी त्या स्वतःची समजूत घालत. समजूत पटत असे, फक्त झोपताना पटत नसे.

समोर साक्षीला बसला होता वॉटी बकन. फ्रेझरबरोचा मच्छीमार, वय बासष्ट, मान बैलासारखी. त्याच्या 'एलेनोरा' बोटीत नवं इंजिन बसवलं आणि सातव्या आठवड्यात ते भर समुद्रात जॅम झालं. बोट चौदा महिने धक्क्याला बांधून पडली होती आणि दोन्ही खलाशी दुसऱ्या बोटींवर निघून गेले होते. इंजिन कंपनीचं म्हणणं एकच : पन्नास तास चालल्यावर पहिलं तेल बदलायचं असतं, ते बकनने बदललं नाही, सबब हमी संपली. बकन म्हणत होता, बदललं. नोंदवही इंजिनाच्या खोलीत भिजून लगदा झाली होती. म्हणजे सगळं येऊन ठेपलं ते या माणसाच्या शब्दावर.

आणि काल दुपारी कंपनीचा वकील इमलक याने उलटतपासणीत विचारलं होतं, "पन्नास तासांनंतरचं पहिलं तेल तुम्ही बदललंच नाहीत. खरं ना?"

"हो," बकन म्हणाला होता.

त्याची वकील कट्रिओना गेडिस हिच्या हातातलं पेन थांबलं होतं. पण साक्ष अर्धवट असताना वकिलाने आपल्या साक्षीदाराशी चकार शब्द बोलायचा नाही, ही रीत. त्यामुळे ती बिचारी रात्रभर नुसती तळमळली असणार. आज सकाळी तिचे डोळे सुजलेले होते.

इशबेलबाईंनी सकाळी लवकर येऊन कालची पानं पुन्हा वाचली होती. इमलकने ओळीने अकरा प्रश्न विचारले होते आणि अकराही उत्तरं 'हो' होती. बोटीचं सगळं काम तुम्ही स्वतःच करता? हो. सगळ्या कामाला तुम्ही मेकॅनिकच बोलावता? हो. बाईंनी ते दोनदा वाचलं. हा 'हो' त्यांच्या चांगला ओळखीचा होता. दुकानात, लग्नात, शेजारणीच्या दारात त्यांनी तो शेकडो वेळा वापरला होता. समोरच्याच्या चेहऱ्यावर 'हो'ची अपेक्षा दिसली की तेवढं देऊन मोकळं व्हायचं.

"मिस्टर बकन," आता त्या म्हणाल्या, "काल मिस्टर इमलकांचे प्रश्न तुम्हाला नीट ऐकू येत होते का?"

खिडकीत उजेडाकडे पाठ करून बसलेल्या इमलकने भुवई उडवली. बकनचा चेहरा लालबुंद झाला.

"माझे कान शाबूत आहेत, बाई. चाळीस वर्षं बोट हाकतोय मी. म्हातारा समजलात काय?"

"वयाचा प्रश्न नाही. नोंदीत आहे म्हणून विचारते. पान अठ्ठ्याऐंशी, ओळ चौदा. उत्तराच्या पुढे कंसात लिहिलंय, 'साक्षीदार कान पुढे करतो.' सत्त्याऐंशीवरही दोनदा तेच आहे."

पान आणि ओळ सांगितली की या धंद्यात वाद संपतो. दोन्ही वकील आपापल्या स्क्रीनवर वाकले. कट्रिओनाचं बोट वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं.

बाईंच्या स्क्रीनवर अक्षरं आली.

मिस गेडिस : मॅडम, माझ्याकडे चौदाव्या ओळीत फक्त 'हो' आहे.

मिस्टर इमलक : माझ्याकडेही. कुठला कंस?

आणि मग अक्षरं थांबली.

बाईंनी वर पाहिलं. इमलक बोलत होता, त्याचे ओठ हलत होते. कट्रिओनाही काहीतरी म्हणत होती. आवाजांचा नुसता गोळा कानावर आदळत होता. स्क्रीन कोरी. कोपऱ्यात मॉर्व्हन टलक, त्यांची नेहमीची लघुलेखिका, दोन्ही हात यंत्राच्या वर अधांतरी धरून बसली होती. दोन वर्षांत तिचे हात थांबलेले बाईंनी पाहिले नव्हते. भरल्या खोलीत त्या एकट्या पडल्या होत्या.

मग मॉर्व्हनची बोटं खाली आली. फिक्या, तिरक्या अक्षरांत लिहून आलं :

(मॅडम, कंस फक्त तुमच्या स्क्रीनवर येतात. मी घालते. दोन वर्षं झाली. चुकलं माझं.)

आणि लगेच खाली :

(माझी टायपिंगची चूक म्हणून सांगा. निभेल.)

बाईंनी त्या दोन ओळी वाचल्या आणि त्यांना आजवरचे कंस आठवले. (बाहेर सीगल ओरडताहेत.) (हीटर ठकठकतोय.) (चर्चची घंटा, बारा.) (मागे कुणीतरी हसलं, कुत्सित नाही.) दोन वर्षं त्यांना वाटत होतं की हे नवीन सॉफ्टवेअर भारी हुशार निघालं, खोलीतला खुट्ट आवाजसुद्धा टिपतं. सगळ्यांनाच दिसत असणार. कुणी कधी बोललं नाही, कारण सीगलचा हवाला देऊन युक्तिवाद कोण करतो? त्या पोरीने गुपचूप त्यांना अख्खी खोली ऐकवली होती आणि त्या मात्र यंत्राचे आभार मानत बसल्या होत्या.

टायपिंगची चूक. एक वाक्य बोललं की झालं. कामं येत राहतील, पत्र खणात राहील. समोर वॉटी बकन गुडघ्यांवर तळवे दाबून, मान ताठ करून बसला होता. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस कसा दिसतो, ते बाईंना आरशाशिवाय दिसत होतं.

"टायपिंगची चूक नाही," त्या म्हणाल्या. आपला आवाज किती मोठा येतोय हे त्यांना कळत नव्हतं. "कंस माझ्याच स्क्रीनवर आहेत. मिस टलक माझ्यासाठी ते लिहितात आणि हे मला आत्ता, तुमच्याबरोबरच कळलं. का लिहितात ते सांगते. मला बोललेलं समजत नाही. चार वर्षं झाली. मी तुम्हाला ऐकत नाही, वाचते."

कट्रिओनाने पेन खाली ठेवलं.

"हे मी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. भीती वाटली म्हणून सांगितलं नाही. आता तुम्ही ठरवा. मी बाजूला व्हावं असं एका जरी पक्षाला वाटलं तरी मी आत्ता उठते, कारण विचारणार नाही. अर्धा तास घ्या."

त्या उठल्या तेव्हा त्यांचं लक्ष बकनकडे गेलं. दुसरा लवाद नेमायचा म्हणजे सगळं पहिल्यापासून, आणखी एक वर्ष. एलेनोरा तेवढे दिवस धक्क्याला राहणार नव्हती, कर्जापायी बँक ती विकणार होती. हेही आपल्यामुळेच, हा विचार घेऊनच बाई बाहेर पडल्या.

शेजारच्या छोट्या खोलीत मॉर्व्हन चहा घेऊन आली. बशीत रोवी, म्हणजे तिकडचा खारा, चपटा पाव होता, वर लोण्याचा गोळा. ती बाईंच्या समोर, उजेडात तोंड करून बसली आणि मांडीवर लॅपटॉप उघडून ठेवला.

"खा आधी," तिने टाइप केलं आणि तोंडानेही म्हणाली. "सकाळपासून काही खाल्लं नसेल तुम्ही."

"तुला कसं कळलं गं?"

"काय, खाल्लं नाही ते?"

"मॉर्व्हन!"

मॉर्व्हन हसली. मग तिची बोटं चालू लागली.

"लवाद माझ्याशी भांडतात, मॅडम. प्रत्येक लवाद, दुसऱ्या दिवशी, हमखास. 'मिस टलक, साक्षीदार असं म्हणालाच नाही, मी माझ्या कानांनी ऐकलंय.' तुम्ही एकदाही भांडला नाहीत. मी लिहीन ते खरं. पहिल्या महिन्यात मला वाटलं, काय गोड बाई आहेत. दुसऱ्या महिन्यात आगीच्या सरावासाठी लाउडस्पीकरवर घोषणा झाली, इमारत रिकामी करा. सगळे दचकले आणि तुम्ही शांतपणे पान उलटलंत."

"आणि मला विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. मग मला कंस घालता आले नसते."

बाईंनी रोवीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "सीगल कशाला लिहायचीस? त्यांचा खटल्याशी काय संबंध?"

मॉर्व्हनने खांदे उडवले. "तुम्ही खिडकीकडे बघायचात. मला वाटलं, माहीत असावं."

त्यांनी हात पुढे करून तिचा हात घट्ट धरला आणि मग पटकन सोडला, कारण त्या हातानेच तिला टाइप करायचं होतं.

"तुझं नाव खराब होईल आता," त्या म्हणाल्या.

"होऊ दे. लग्नाच्या पत्रिका टाइप करीन," मॉर्व्हनने लिहिलं. "तुमच्यासाठी कंसात जेवणाचा बेतही लिहीन."

आणि त्या परिस्थितीतही बाईंना हसू फुटलं.

अर्ध्या तासाने सगळे आपापल्या जागी आले. इमलक उभा राहिला. खिडकीतली खुर्ची सोडून या वेळी तो टेबलाच्या अलीकडे, तोंडावर उजेड येईल असा उभा राहिला होता. बाईंच्या ते लक्षात आलं.

"मॅडम, मी दोघांच्या वतीने बोलतो," तो सावकाश, शब्द सुटे करत म्हणाला. "आमची हरकत नाही. माझ्या अशिलांना मी फोन केला. त्यांना सांगितलं की आजवर लवादाच्या खुर्चीतून माझा शब्द न् शब्द वाचणाऱ्या मला भेटल्यात त्या याच. बाकीचे ऐकतात की डुलक्या काढतात, परमेश्वर जाणे."

कट्रिओना खाली मान घालून हसली.

"पण आमच्या अटी आहेत. एक, कंस सगळ्यांच्या स्क्रीनवर यायला हवेत. एकट्या लवादाला दिसतं आणि आम्हाला दिसत नाही असं चालायचं नाही. दोन, पटलं नाही तर कंसावर आक्षेप घ्यायचा हक्क. आणि खाजगीत एक सांगायचंय. तुमच्या त्या दोन सेकंदांनी मला घाम फुटायचा. माझे निम्मे मुद्दे मी त्या धास्तीने गाळलेत. पैसे परत मिळतील का?"

"नाही," इशबेलबाई म्हणाल्या. अर्थात दोन सेकंदांनी. "तुमचे युक्तिवाद सुधारले त्याने."

खोलीत पहिल्यांदाच मोकळं हसू पसरलं. फक्त वॉटी बकन हसला नाही. तो इकडून तिकडे चेहरे बघत होता. सगळे हसताहेत असं दिसल्यावर तोही हसला, जरा उशिरा. बाईंनी ते पाहिलं. आता बोलायची पाळी त्याची होती.

बकनने घसा खाकरला. आपल्या जाड बोटाने त्याने बाईंच्या स्क्रीनकडे खूण केली.

"ते असलं," तो म्हणाला, "एक मला मिळेल का?"

कट्रिओनाने डोळे मिटले. इमलकने आपल्या टेबलावरची स्क्रीन उचलली, तिची वायर सोडवत सोडवत साक्षीदाराच्या टेबलापर्यंत नेली आणि बकनच्या समोर ठेवली. मग तो आपल्या जागेवर न जाता तिथेच थांबला.

"मिस्टर इमलक," बाई म्हणाल्या, "कालचं उत्तर तुमच्या बाजूचं आहे. ते मागे जाऊ शकतं, याची कल्पना आहे ना?"

"आहे, मॅडम. ऐकून दिलेला 'हो' मला हवाय. न ऐकता दिलेला घेऊन मी जिंकलो, तर फ्रेझरबरोत मासळी खायची चोरी होईल." तो बकनकडे वळला. "मिस्टर बकन, पुन्हा विचारतो. पन्नास तासांनंतरचं पहिलं तेल तुम्ही बदललंच नाहीत. खरं ना?"

अक्षरं उमटली. बकनने ओळीखाली बोट धरलं आणि ते शब्दाशब्दाने पुढे नेत गेला. एक सेकंद, दोन सेकंद, चार. कुणीही घाई केली नाही. बोट शेवटी पोचलं आणि तिथेच टेकून राहिलं.

"असं विचारलं होतंत होय काल?" तो म्हणाला.

"असंच."

"आणि मी हो म्हटलं?"

"हो म्हटलंत."

"अरे देवा." बकनने तोंडावरून हात फिरवला. "नाही. नाही हो. तेल मी स्वतः बदललं. पीटरहेडच्या धक्क्यावर, सोमवारी सकाळी, इंजिन गरम असतानाच, घाई केली म्हणून. हे बघा." त्याने बाही मागे सारली. मनगटापासून वर एक लांब, गुळगुळीत डाग होता. "दवाखान्यात जाऊन पट्टी बांधून घेतली. तारीख असेल त्यांच्याकडे. मला कुणी विचारलंच नाही." मग तो थांबला. "म्हणजे विचारलं असेल."

कट्रिओना भराभर लिहीत होती आणि दुसऱ्या हाताच्या मागच्या बाजूने गाल पुसत होती. सगळ्याच स्क्रीनवर फिक्या, तिरक्या अक्षरांत एकदम उमटलं :

(साक्षीदार मनगटावरचा भाजल्याचा डाग दाखवतो. मिस गेडिस नाक ओढतात. बाहेर सीगल, पुष्कळ.)

इमलकने बकनच्या खांद्यावरून वाकून ते वाचलं आणि चमकून खिडकीकडे पाहिलं. कट्रिओनाही बघू लागली.

"सीगल?" ती म्हणाली. "मला तर ऐकूच आले नाहीत."

इशबेलबाईंनी स्क्रीनवर ते वाक्य येईपर्यंत वाट पाहिली.

"रोज ओरडतात," त्या म्हणाल्या. "पुढचा प्रश्न, मिस्टर इमलक."